अंगावरचा कपडा आणि सायकलचा वेग

सपाट रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात: समोरची हवा आणि रस्त्यावर दबत जाणाऱ्या टायरचे घर्षण. चढ लागला की तिसरी गोष्ट, म्हणजे स्वाराचे आणि सायकलचे वजन, बाकी सगळ्यांवर मात करते. स्वार तास-दोन तास सायकलवर राहिला की चौथी गोष्ट पुढे येते, ती म्हणजे त्याचे शरीर किती तापले, किती घासले गेले आणि किती दमले. कपड्यांचा संबंध यांपैकी टायर सोडून बाकी तिन्ही गोष्टींशी येतो. म्हणूनच ‘जर्सी घातल्याने वेग वाढतो का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ते रस्ता, वेग आणि अंतर यांवर ठरते.

बंगळुरूत हा प्रश्न शनिवार-रविवारच्या पहाटे रस्त्यावरच दिसतो. बल्लारी रस्त्याने नंदी हिल्सच्या दिशेने निघालेल्या घोळक्यात अंगाला चिकटलेल्या जर्सीवाल्यांबरोबर साधा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घातलेलेही असतात. हेसरघट्टा आणि कनकपुरा रस्त्यांवरही हेच चित्र असते. शहरात हौशी सायकलस्वारांसाठी ‘बंगळुरू बायसिकल चॅम्पियनशिप्स’च्या शर्यती होतात, ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या २०० ते ६०० किलोमीटरच्या फेऱ्या होतात, आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘टूर ऑफ निलगिरीज’ या सायकल फेरीचा उगमही याच शहरातला. खेळाचे साहित्य आणि कपडे विकणाऱ्या डेकॅथलॉनने भारतात पाय रोवले ते २००९ मध्ये सर्जापूर रस्त्यावर. एरवी व्यावसायिक खेळाडूंच्याच अंगावर दिसणारे कपडे त्यानंतर आयटी कंपनीतल्या नोकरदाराच्या आवाक्यात आले.

हवा किती अडवते

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी २० किलोमीटरवरून ३० वर जायचे तर वेग दीडपट होतो, पण हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती तिपटीहून अधिक होते. या रोधात सायकलचा वाटा साधारण पाव असतो. उरलेला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा स्वाराच्या अंगाचा, म्हणजे डोके, खांदे, दंड, छाती आणि हलत्या पायांचा असतो. कपडा याच अंगावर असल्यामुळे त्याचा विचार करावा लागतो.

स्वार हवेला किती अडवतो हे एका आकड्यात सांगता येते. समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक यांचा हा गुणाकार असतो. त्याला इथे रोधक्षेत्र म्हणू. रोड बाइकच्या हँडलवर, ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून बसलेल्या मध्यम बांध्याच्या माणसाचे रोधक्षेत्र साधारण ०.३६ चौरस मीटर धरता येते. हँडलच्या खालच्या वळणावर हात नेऊन पाठ वाकवली की ते ०.३१च्या आसपास येते. हायब्रिड सायकलवर ताठ बसणाऱ्याचे ०.४५च्याही वर जाऊ शकते.

गणितात हवेची घनताही मोजावी लागते आणि तिथे बंगळुरूकरांना एक फुकटचा फायदा मिळतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे. त्यामुळे इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा ८ ते १० टक्के विरळ असते. तोच माणूस, तीच सायकल, तेच कपडे आणि पायातला तोच जोर घेऊन मुंबईहून बंगळुरूच्या सपाट रस्त्यावर आला, तर केवळ हवेच्या विरळपणामुळे ताशी अर्ध्या-पाऊण किलोमीटरने पुढे जातो. व्यावसायिकांनी ही गोष्ट फार पूर्वी हेरली होती. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम एडी मर्क्सने १९७२ मध्ये आणि फ्रान्चेस्को मोझरने १९८४ मध्ये मुद्दाम मेक्सिको सिटीत, २,२०० मीटरहून अधिक उंचीवर जाऊन केला. मर्क्सने ४९.४३१ किलोमीटर कापले, तर मोझरने ५१.१५१. मोझरच्या अंगात एकसंध, अंगाबरोबर शिवलेला पोशाख होता आणि त्याच्या सायकलला भरीव चाके होती.

ढगळ आणि घट्ट यांतला फरक

ढगळ कपडा दोन प्रकारे वेग खातो. एक म्हणजे वारा आत शिरून तो फुगतो आणि समोरचे क्षेत्रफळ वाढवतो. दुसरे म्हणजे तो फडफडतो, आणि ही फडफड चालू ठेवणारी ऊर्जा स्वाराच्या पायांतूनच येते. पाठीवर फुगलेला टी-शर्ट, कोपरापाशी फडफडणारी बाही आणि गळ्यापासून छातीपर्यंत उघडलेली चेन या तीन जागा त्यात आघाडीवर असतात.

एक हिशेब मांडून पाहू. स्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलो, रस्ता सपाट, वारा पडलेला, हवा बंगळुरूची. अंगाबरोबर बसणारी जर्सी घालून ताशी ३० किलोमीटरने जायला सुमारे १५२ वॅट लागतात. त्यातले ११० वॅट हवेवर खर्च होतात आणि ४२ टायरच्या घर्षणावर. आता समजा ढगळ टी-शर्टमुळे रोधक्षेत्र ८ टक्क्यांनी वाढले. तोच वेग टिकवायला जवळजवळ ९ वॅट जास्त लागतील. जोर तेवढाच ठेवला, तर वेग ताशी २९.३ किलोमीटरवर उतरेल. ४० किलोमीटरच्या अंतरात हा फरक एक मिनिट बावन्न सेकंदांचा होतो.

हाच हिशेब ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्यासाठी केला, तर जादा खर्च अडीच वॅटच्या आसपास निघतो. वॅटमध्ये नगण्य वाटणारा हा फरक वेळेत मोजला की सुमारे अडीच मिनिटे भरतो, कारण हळू जाणारा माणूस तेच अंतर कापताना जास्त वेळ रस्त्यावर असतो. कपड्यांचा फायदा फक्त वेगवान स्वारांनाच होतो हा समज त्यामुळे पुरता बरोबर ठरत नाही. मात्र दोन तासांच्या फेरीतली अडीच मिनिटे हेब्बाळच्या एक-दोन सिग्नललाच निघून जातात, हेही तितकेच खरे.

या आकड्यांशेजारी बसण्याची पद्धत ठेवून पाहावी. त्याच स्वाराने कपडे न बदलता फक्त हात खालच्या वळणावर नेले आणि पाठ वाकवली, तर १५२ वॅटमध्येच त्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणजे काही खर्च न करता मिळणारा हा फायदा जर्सीच्या फायद्याच्या जवळपास दुप्पट आहे. दुसऱ्या सायकलच्या मागे चाकाला चाक लावून गेले, तर हवेचा रोध साधारण एक-तृतीयांशाने कमी होतो. घोळक्यात चालवणाऱ्याचा कपड्यांतून होणारा फायदाही त्याच प्रमाणात घटतो. उलट टाइम ट्रायलमध्ये प्रत्येकजण एकटा असतो आणि कपड्याचा कस तिथेच लागतो.

व्यावसायिकांचा पोशाख

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शर्यतीचे कपडे लोकरीचे असत. ऊन-पावसात लोकर बरी, पण भिजली की ती जड होऊन लोंबते आणि अंगाबरोबर राहत नाही. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला जाणारा स्पँडेक्स धागा तयार केला. लायक्रा हे त्याचेच व्यापारी नाव. १९७०च्या दशकात सायकलच्या शॉर्ट्स या धाग्याच्या होऊ लागल्या आणि जर्सी-शॉर्ट्स एकत्र शिवलेला स्किनसूट आला.

कपडे आणि उपकरणे शर्यतीचा निकाल फिरवू शकतात हे जगाला दिसले ते १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने कोपरे जवळ आणून टेकता येतील असे पुढचे दांडे आणि निमुळते हेल्मेट वापरले. फ्रान्सचा लोराँ फिन्यों उघड्या डोक्याने, मागे केसांची शेंडी बांधून निघाला. लेमाँड ८ सेकंदांनी टूर जिंकला. ते ८ सेकंद कुठल्या एका वस्तूचे, हे कुणी वेगळे काढू शकत नाही. फिन्योंला त्या दिवशी बैठकीच्या जागी झालेल्या जखमेचाही त्रास होता. पण त्यानंतर हवेच्या बोगद्यातल्या चाचण्या हा संघांच्या तयारीचा नेहमीचा भाग झाला.

या चाचण्यांतून पुढे आलेली मुख्य गोष्ट म्हणजे कापडाचा पोत. गोल वस्तूभोवतीची हवा जितक्या लवकर पृष्ठभाग सोडते, तितका तिच्या मागे कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो आणि तो वस्तूला मागे ओढतो. पृष्ठभाग किंचित खडबडीत असेल, तर हवेचा लगतचा थर ढवळला जातो आणि तो पृष्ठभागाला थोडा जास्त वेळ धरून राहतो. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे याचसाठी असतात. दंड आणि खांदे साधारण दंडगोलाकृती असल्यामुळे स्किनसूटच्या बाह्यांवर रेघांचे किंवा खळग्यांचे कापड लावतात, तर पाठीवर गुळगुळीत कापड ठेवतात. २०१७च्या टूरमध्ये ड्युसेलडॉर्फच्या टाइम ट्रायलला टीम स्कायच्या खेळाडूंच्या बाह्यांवर असे उठावदार ठिपके होते. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, पण पंचांनी ती मान्य केली नाही. मोजेही या चढाओढीतून सुटले नाहीत. ते गुडघ्याकडे सरकू लागल्यावर आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने त्यांची उंची घोटा आणि गुडघा यांच्या मध्यापर्यंत मर्यादित केली.

हौशी स्वाराने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोताचा परिणाम ठरावीक वेगाला आणि ठरावीक जाडीच्या अवयवाला होतो. ताशी ४५-५० किलोमीटरने सुटणाऱ्या व्यावसायिकासाठी जमवलेले कापड ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याच्या दंडावर तसेच काम करील याची खात्री देता येत नाही. महागड्या जर्सीच्या किमतीत या पोताचा वाटा बराच असतो. साध्या जर्सीतून मिळणाऱ्या फायद्याचा मोठा भाग मात्र केवळ ती अंगाबरोबर बसते म्हणून मिळतो. मापाने चुकलेली महाग जर्सी मापात बसलेल्या स्वस्त जर्सीपुढे हरते.

माप बघताना जर्सी दुकानाच्या आरशासमोर ताठ उभे राहून बघितली जाते आणि तिथेच चूक होते. ताठ उभे असताना नीट वाटणारी जर्सी हँडलवर वाकल्यावर छातीपाशी गोळा होते आणि खांद्यावर सुरकुत्या धरते. वाकलेल्या स्थितीत खांदे सपाट, बाहीची कड दंडाला धरून आणि मागची किनार कंबरेखाली टिकलेली असेल, तर माप बरोबर. उभे राहिल्यावर अशी जर्सी पुढून थोडी आखूडच वाटते. तिचे खिसे पाठीवर असतात, कारण वाकल्यावर पुढचे खिसे मांडीला अडतात.

नंदीचा चढ

चढावर हा सगळा हिशेब पालटतो. नंदी हिल्सचा माथा १,४७८ मीटरवर आहे. पाच-साडेपाच टक्क्यांच्या चढावर ताशी १३ किलोमीटरने जाणारी आपली ८५ किलोची जोडगोळी सुमारे १९० वॅट खर्च करते. त्यातले जेमतेम ९ वॅट हवेसाठी असतात, बाकी जवळजवळ सगळे वजन वर ओढण्यात जातात. ढगळ टी-शर्टने रोध ८ टक्क्यांनी वाढवला, तरी नुकसान एका वॅटच्या आतच राहते. म्हणून अनुभवी स्वार चढ सुरू होताच जर्सीची चेन खाली ओढतात. हवेचा तोटा नाममात्र असतो आणि छातीला वारा लागतो.

मग वजनाचे काय? भिजलेला सुती टी-शर्ट आणि हलकी जर्सी यांत ३०० ग्रॅमचा फरक धरला, तर तो एकूण वजनाच्या ०.३५ टक्के होतो. अर्ध्या तासाच्या चढात त्यातून सुमारे ६ सेकंद वाचतात. घाटात ‘हलके कपडे’ म्हणून जादा पैसे मोजणाऱ्याने एवढेच सेकंद विकत घेतलेले असतात. पायथ्याशी अर्धी बाटली पाणी ओतून टाकल्यानेही वजनात जवळपास तेवढाच फरक पडतो.

घाम आणि ताप

सायकलच्या चाकापर्यंत १५० वॅट पोहोचवण्यासाठी शरीर त्याच्या चौपट-पाचपट ऊर्जा जाळते. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते आणि बाकीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे मध्यम जोराने चालवणाऱ्या स्वाराला तासभर सुमारे ५०० वॅट उष्णता अंगाबाहेर टाकत राहावे लागते. हे काम मुख्यतः घाम करतो. एक लिटर घाम वाळायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि तो तासाभरात पूर्ण वाळला तर साडेसहाशे वॅटहून अधिक उष्णता नेतो. मात्र जो घाम टपकून रस्त्यावर पडतो किंवा कपड्यात साचून राहतो, त्याचा गारव्यासाठी उपयोग होत नाही.

उष्णता बाहेर गेली नाही, तर रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते आणि तोच वेग राखताना नाडी चढत जाते. दोन-तीन तासांच्या फेरीत हौशी स्वाराचा वेग बहुतेक वेळा असाच उतरतो. बंगळुरूची हवा सुखद म्हणून प्रसिद्ध असली, तरी एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांच्या आसपास जाते. २०१६च्या एप्रिलमध्ये ते ३९.२ अंशांपर्यंत पोहोचले होते.

सुताचा धागा सामान्य दमट हवेत वजनाच्या साडेआठ टक्क्यांइतके पाणी धरतो. पॉलिएस्टरचा धागा धरतो जेमतेम ०.४ टक्के. पॉलिएस्टरच्या विणीत घाम धाग्यांच्या पृष्ठभागावरून पसरतो आणि मोठ्या क्षेत्रावर वाळतो. सूत तो पोटात घेते, ओले राहते, जड होते आणि अंगाला चिकटते. तरीही जाहिरातींतल्या दाव्यांना इथे थोडी कात्री लावावी लागते. नियंत्रित तुलनांत सुती आणि कृत्रिम कापडामुळे शरीराच्या आतल्या तापमानात फार मोठा फरक पडत असल्याचे दिसत नाही. स्वाराला फरक जाणवतो तो ओलसरपणात, वजनात आणि घासण्यात. घाम वाळवण्याचे खरे काम वारा करतो आणि सायकलवर तो असतोच. चढावर वेग मंदावून वारा कमी होतो, तेव्हा कापडाच्या जाळीदारपणाला जास्त महत्त्व येते.

रंगाचाही विचार करावा लागतो. काळी जर्सी उन्हात तापते, फिकट कमी तापते. बंगळुरू १३ अंश अक्षांशावर आणि उंचावर असल्यामुळे ऊन कडक लागते. म्हणून इथले अनेक स्वार हातांवर पातळ स्लीव्ह्ज चढवतात. त्या अंगाबरोबर असल्याने वेगाला बाधा येत नाही आणि ओल्या केल्या की गारवाही देतात.

बैठकीचा प्रश्न

लांब अंतराच्या स्वारांना विचारले, तर बहुतेकजण जर्सीआधी शॉर्ट्सचे नाव घेतात. सायकलच्या सीटवर शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि त्यांच्या मधल्या मऊ भागावर येतो. या मधल्या भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. त्यांच्यावर सतत दाब आला की बधिरपणा येतो. त्यातच दर मिनिटाला ८०-९० वेळा पाय फिरत असल्यामुळे जांघेत कापड घासते, घामाने ओली झालेली त्वचा सोलवटते आणि तिथे फोड किंवा गळू होते.

शॉर्ट्समधले पॅड यासाठीच असते. चांगले पॅड उलटून पाहिले, तर ते सगळीकडे सारखे जाड नसते. हाडांच्या जागी घट्ट आणि जाड फोम, मध्यभागी पातळ खाच, कडेला निमुळता होत गेलेला काठ आणि मांडीच्या आत उंचवटा न येणारी सपाट शिवण, अशी त्याची रचना असते. नवख्यांना जाड आणि लिबलिबीत पॅड आरामाचे वाटते, पण मऊ फोम हाडांखाली दबून बाजूला सरकतो आणि मधल्या भागावर दाब वाढवतो. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधले अंतर सरासरीने जास्त असल्यामुळे त्यांच्यासाठी पॅडचा आकार वेगळा असतो. पुरुषांच्या शॉर्ट्सचे लहान माप त्यांना चालत नाही. पूर्वी हे पॅड मऊ कमावलेल्या कातड्याचे असे. धुतल्यावर ते कडक होई म्हणून त्याला मलम चोळत. मलमाची सवय कृत्रिम पॅडच्या काळातही टिकली, कारण त्यामुळे घर्षण कमी होते.

या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालत नाहीत. अंतर्वस्त्राची शिवण नेमकी घासण्याच्या जागी येते. शॉर्ट्स प्रत्येक फेरीनंतर धुवाव्या लागतात आणि उन्हात पूर्ण वाळवाव्या लागतात, नाहीतर घामात वाढलेले जंतू पुढच्या फेरीत सोलवटलेल्या जागी शिरतात. खांद्यावर पट्टे असलेल्या बिब शॉर्ट्समध्ये कंबरेला इलॅस्टिक रुतत नाही आणि पॅड जागेवरून सरकत नाही. लांबच्या अंतरासाठी त्यांना पसंती मिळते ती याच कारणाने.

याचा वेगाशी संबंध थेट असतो, फक्त तो पहिल्या तासात दिसत नाही. ब्रेव्हेत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास आणि ६०० ला ४० तास. हा वेग कुणालाही कठीण वाटू नये असा आहे. तरी स्वार मागे पडतात, कारण बैठक दुखू लागली की ते पॅडलवर उभे राहतात, जागा बदलतात, वारंवार थांबतात, आणि वाकून बसण्याचा हवेतला फायदा सोडून ताठ बसू लागतात. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी जोडीने, तर २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी एकट्याने ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरच्या त्या शर्यतीत एकट्या स्वाराला १२ दिवसांची मुदत असते. एवढ्या अंतरावर त्वचा शाबूत राहणे हाच वेगाचा पाया ठरतो.

बूट, हेल्मेट आणि बाकीच्या वस्तू

पॅडलला अडकणारे कडक तळव्याचे बूट १९८०च्या दशकाच्या मध्यात रूढ झाले. बर्नार इनोने १९८५चा टूर अशाच पॅडलवर जिंकला. असे बूट पाय वर ओढताना मोठी जादा शक्ती देतात ही समजूत मात्र प्रयोगांत फारशी टिकत नाही. एकसारख्या मध्यम वेगात साध्या आणि अडकणाऱ्या पॅडलमध्ये ऊर्जेच्या खर्चाचा लक्षणीय फरक आढळत नाही. त्यांचा उपयोग उभे राहून जोर लावताना आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर पाय घसरू नये म्हणून होतो. शहरी वाहतुकीत नवख्याला मात्र पाय वेळेवर सुटत नाही आणि तो सिग्नलला आडवा होतो.

अंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेशन कपड्यांबद्दल पुरावा संमिश्र आहे. त्यांनी वेग वाढतो असे खात्रीने म्हणता येत नाही. व्यायामानंतरची ठणक काहींना कमी वाटते, एवढेच.

हेल्मेटचा मूळ हेतू संरक्षणाचा आहे. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्हचा पडून मृत्यू झाल्यावर व्यावसायिक शर्यतींत ते सक्तीचे झाले. कमी छिद्रांचे निमुळते हेल्मेट हवा चांगली कापते, पण डोके तापवते. पहाटेच्या छोट्या टाइम ट्रायलला ते ठीक. नंदीच्या चढावर किंवा दिवसभराच्या ब्रेव्हेत भरपूर छिद्रांचे हेल्मेटच बरे.

रात्रीच्या ब्रेव्हेत प्रकाश परावर्तित करणारे जाकीट सक्तीचे असते. ढगळ जाकीट फडफडते, म्हणून ते अंगाच्या मापाचे घ्यावे. फडफडते म्हणून काढून मात्र ठेवू नये. ट्रकची वर्दळ असलेल्या महामार्गावर दिसणे हे वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

थंडी, पाऊस आणि उतार

डिसेंबर-जानेवारीत बंगळुरूची पहाट १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि नंदीच्या माथ्यावर त्याहून गार असते. चढताना घामाने निथळलेला स्वार वर चहा-नाश्त्याला थांबतो आणि त्याच ओल्या कपड्यांत उतरू लागतो. पाय फिरत नाहीत, म्हणून उष्णता तयार होत नाही. ताशी ४० किलोमीटरचा वारा घाम वाळवत अंग गार करतो, बोटे आखडतात आणि वळणांवर ब्रेक दाबणे जड जाते. आल्प्सच्या घाटात जुने शर्यतपटू माथ्यावर मिळालेले वर्तमानपत्र जर्सीत छातीवर घालून उतरत, ते याचसाठी. आज खिशात घडी होऊन मावणारे बिनबाह्यांचे विंडचीटर तेच काम करते.

पावसाचे कोडे सुटत नाही. बंगळुरूत नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमांचा पाऊस पडतो आणि सप्टेंबर सर्वांत ओला असतो. पाणी आत न येऊ देणारे जाकीट घामही पुरता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे उबदार पावसात जोराने चालवणारा स्वार दोन्हीकडून भिजतो. अशा वेळी अनेकजण जाकीट न घालता लवकर वाळणाऱ्या जर्सीत भिजत जाणे पत्करतात आणि जाकीट उतारासाठी राखून ठेवतात.

रोजच्या फेरीसाठी

बेलंदूर किंवा व्हाइटफील्डच्या कार्यालयात सायकलने जाणाऱ्याचे गणित वेगळे आहे. वाहतुकीत वेग ताशी १५-१८ किलोमीटरच्या वर फार काळ राहत नाही. दहा किलोमीटरच्या अंतरात लायक्राने वाचणारे सेकंद कपडे बदलण्यातच खर्च होतात. त्याच्यासाठी पाठीवरची सॅक काढून कॅरिअरला लावणे, उजव्या पायाची विजार चेनमध्ये अडकू नये म्हणून पट्टा बांधणे, ओढणी किंवा दुपट्टा चाकाकडे जाऊ न देणे आणि भडक रंगाचा कपडा घालणे या गोष्टी पुरेशा असतात. सॅकखाली झाकलेली पाठ हा घाम न वाळणारा सर्वांत मोठा भाग असतो.

खर्चाचा क्रम

वेगावर पैसे लावायचे असतील, तर हौशी स्वारासाठी क्रम बराचसा स्पष्ट आहे. आधी बसण्याची पद्धत, सीटची उंची आणि टायरमधली हवा, कारण यांना खर्च जवळपास नाही आणि फायदा सर्वांत मोठा आहे. त्यानंतर मापात बसणाऱ्या पॅडच्या शॉर्ट्स, कारण तासाभरानंतरचा वेग त्या राखतात. मग अंगाबरोबर बसणारी साधी जर्सी, जी सपाट रस्त्यावर ताशी अर्धा-पाऊण किलोमीटर देऊ शकते. स्किनसूट, पोताचे मोजे आणि निमुळते हेल्मेट यांची पाळी शेवटी येते, आणि तीही टाइम ट्रायलमध्ये घड्याळाशी झुंजणाऱ्यांसाठी. ताशी ३० किलोमीटरने एकट्याने जाणाऱ्याला कपड्यातून वेग मिळतो. घोळक्यात, चढावर किंवा वाहतुकीत जाणाऱ्याला मुख्यतः आराम मिळतो. अंतर वाढत जाते तसा हा आरामच सरासरी वेग टिकवून धरतो.